काचेतली अर्धी पँट

४ मार्च, सोमवार

आणि वर मलाच म्हणते, "आई, तू ओरडू नकोस." ओरडू नको तर काय टाळ्या वाजवू? शनिवार-रविवार पोरीने मान वर केली नाही. दवाखान्यात कुणाला किती वाजता बोलवायचं ते ठरवून देणारं हिच्या कंपनीचं सॉफ्टवेअर आहे. ते आडवं पडलं होतं. एकाच वेळेला तिघं-तिघं पेशंट आत घुसत होते. ते हिने उभं केलं. आणि आज मीटिंगमध्ये सगळ्यांपुढे उभं कोण राहिलं? तर भोंगा. "आम्ही असं शोधलं, आम्ही तसं बसवलं." संध्याकाळी टीमचा प्रमुख म्हणून नाव कुणाचं? भोंग्याचंच.

"मग तू काय करत होतीस?" मी विचारलं.

"पाणी पीत होते."

"तोंडात पाणी होतं म्हणून बोलली नाहीस?"

"आई, काम बोलतं."

काम बोलतं म्हणे! माझी शिवणाची मशीन दिवसभर खडखड बोलते, तिला कुणी येऊन विचारतं का, बाई कशी आहेस?

भोंगा हे नाव मीच ठेवलंय. खरं नाव मला माहीत नाही आणि करूनही घ्यायचं नाही.

ही डायरी तिच्याच कंपनीची. वर कंपनीचं नाव, आत सगळी कोरी. हिने कधी उघडली नाही. मी चौथीतून शाळा सोडलेली, पण कागद फुकट जाऊ देणारी नाही. दुपारी दुकानात कुणी नसतं तेव्हा लिहीन म्हणते. मनातलं गिऱ्हाइकांपुढे ओकलं की धंदा बसतो.

एकटीने वाढवलं मी हिला. एवढी भित्री कुठून निघाली कळत नाही. बापावर गेली. हे पण असेच होते. लिफ्ट दुरुस्त करायचे. लोक वर जायचे, खाली यायचे, कधी कुणी म्हणालं का की आज लिफ्ट छान चालली? बंद पडली की शिव्या. आणि हे आपले हसायचे.

६ मार्च, बुधवार

आज पोरीला दुकानात उभी करून दाखवलं. काचेत माझी अर्धी पँट टांगलेली आहे, ती. डावा पाय जसा आला तसा, जमिनीवर लोळणारा. उजवा पाय मी आखूड करून दिलेला. लोकांना म्हणते, टाका शोधून दाखवा. कुणाला सापडत नाही. पण नुसता चांगला पाय टांगला असता तर कोण थांबलं असतं? शेजारी लोळणारा पाय आहे म्हणून न दिसणारा टाका दिसतो.

"कळलं का? तुझ्या कामाची अशी अर्धी पँट टांग कुठेतरी."

"ही युक्ती बाबांची ना?" ती म्हणाली.

मुळात त्यांचीच. पण पँट शिवली कुणी?

१२ मार्च, मंगळवार

माझ्याकडे एक बाई कोट घेऊन येते. कोट म्हणजे ऑफिसचा, ब्लेझर. दर महिन्याला एक, कधी कंबरेत घ्यायचा, कधी बाही आखूड. तिचं कामच असं की नोकरी करणाऱ्यांना नाव कसं काढायचं ते शिकवायचं. फोनवर स्वतःची ओळख कशी उभी करायची, काय लिहायचं, फोटोत हात कुठे ठेवायचे. लोक तिला त्याची फी देतात! मला मावशी म्हणते. माझ्याहून फार लहान असेल असं वाटत नाही, पण कोटाची कंबर माझ्या हातात असते म्हणून मी ऐकून घेते.

तिला मी म्हटलं, माझ्या पोरीला शिकव, तुझे कोट माझ्याकडे. ती लगेच तयार.

तर पोरीने पहिली पोस्ट टाकली, नोकरीवाल्यांच्या त्या साइटवर. अर्धी पँटच केली तिने. एका बाजूला जुना कोड, दुसऱ्या बाजूला दुरुस्त केलेला, आणि खाली काय बदललं ते. मला ओ की ठो कळलं नाही. पण मी माझ्या फोनवरून अंगठा दाबला. आमच्या वेळी अंगठा उठवणारा म्हणजे अडाणी. आता शिकलेले लोक दिवसभर एकमेकांना अंगठे देत बसतात.

बाकी कुणी बघितलं नाही. एका पांढऱ्या दाढीच्या माणसाने खाली लांबलचक प्रश्न विचारला. त्याला उत्तर लिहिताना पोरीचा चहा गार झाला. मध्येच स्वतःशी हसली. मग त्याने परत लिहिलं, मग हिने.

मी म्हटलं, "एकटा म्हातारा! त्याच्याने काय होणार आहे?"

हसायची थांबली.

२१ मार्च, गुरुवार

ब्लेझरवाली दुकानात आली होती, पोरगीही होती. मी कोटाच्या बाहीला टाचण्या लावत होते. तोंडात टाचण्या, म्हणून मला बोलता येत नव्हतं. दोघींचं मी नुसतं ऐकलं.

"कामावर कुणी थांबत नाही गं," ब्लेझरवाली म्हणाली. "माणूस माणसावर थांबतो. तुझं दुःख काय?"

"काही नाही," पोरगी म्हणाली.

"असं नसतं. कुठून आलीस ते सांग. ही तुझी आई. ही मशीन. अगं, सोनं समोर ठेवलंय आणि तू कोडचे फोटो टाकतेस!"

"आईबद्दल काय लिहू?"

"ती काय सांगते तेच लिही. मी गेली कित्येक वर्षं ऐकतेय, एकटीने वाढवलं, एकटीने शिकवलं. मला तर ऐकतानाच काटा येतो."

"आणि बाबा?"

"हे बघ, एका गोष्टीत एकच नायक. दोन घातले की वाचणारा सटकतो. तू खोटं नाही लिहायचंस. काही गोष्टी नाही लिहायच्या, बस."

पोरीने माझ्याकडे बघितलं. मी टाचण्या तोंडात धरून मान हलवली. म्हणजे मला म्हणायचं होतं की बाही झाली, कोट काढ.

२४ मार्च, रविवार

पोरीने माझे फोटो काढले. आधी म्हणाली घड्याळ काढ. मग चष्मा काढ. मग म्हणाली मोटरची मशीन नको, माळ्यावरचं हातमशीन काढू या. ते माझ्या आईचं, गंजलेलं. मी म्हटलं, "त्यावर आता उंदीरसुद्धा शिवणार नाही." ती हसली नाही. चाक पुसायला लागले तर पुसूही दिलं नाही.

मग दोराच ओवता येईना, चष्मा नव्हता ना. डोळे बारीक करून, मान वाकडी करून बसले. ती म्हणाली, "अशीच थांब, अशीच."

जुन्या वस्तू फोटोत चांगल्या दिसतात, हे खरं आहे.

२ एप्रिल, मंगळवार

अंगठेच अंगठे! पोरीची ती पोस्ट इतक्या लोकांनी बघितली की तिचा फोन गरम झाला. ब्लेझरवाली टॅक्सी करून दुकानात आली आणि मला मिठी मारली. म्हणाली, "मावशी, लोक रडतायत."

"का? काय झालं?"

"तुमच्यासाठी!"

मी अजून वाचलेलं नाही. ऑफिसच्या भाषेत आहे. फोनमध्ये म्हणे एक बटण आहे, दाबलं की आपल्या भाषेत होतं, पण मला उन्हाळी पँटींच्या गर्दीत वेळ कुठे आहे? ब्लेझरवालीने मोठा फोटो छापून आणला, मी आणि हातमशीन. खाली आपल्या भाषेत मोठ्या अक्षरात: "तिने एकटीने उभं केलं." काचेत लावला. अर्धी पँट जरा बाजूला सरकवावी लागली.

भोंग्याने ऑफिसात पोरीला स्वतःहून चहा आणून दिला. असाच सरळ होणार तो.

९ एप्रिल, मंगळवार

एका मोठ्या कंपनीचा फोन आला. आत्ताच्या कंपनीसारख्या कितीतरी त्यांच्या खिशात मावतील, अशी ती कंपनी. त्यांना पोरगी पाहिजे. कोड लिहायला नाही, कंपनीचा चेहरा म्हणून. गावोगावी जायचं, स्टेजवर उभं राहायचं, इतर सॉफ्टवेअरवाल्यांशी बोलायचं. पहिल्या कार्यक्रमात मलाही स्टेजवर बोलावलंय, हातमशीन घेऊन.

पोरगी म्हणाली, "आई, मला बोलायचं काम नाही जमणार. मला दुरुस्तीचंच काम आवडतं."

"आवडायचं काय घेऊन बसलीस? लोणचं आहे का ते? इथे राहून भोंग्याच्या हाताखाली आयुष्य काढायचंय?"

"अजून कागद आलेला नाही त्यांचा. नुसतं फोनवर बोललेत."

"येईल. तू राजीनामा दे आधी. एक पाय इकडे एक पाय तिकडे ठेवला की माणूस चिरफळतो."

आज तिने राजीनामा दिला. मी दोन गिऱ्हाइकांना सांगितलं की पोरगी आता मोठ्या कंपनीची साहेब झाली. मग तिसऱ्याला सांगताना तिला तिथे गाडी मिळणार असंही सांगितलं. मिळेलच की.

१७ एप्रिल, बुधवार

शेजारी चावीवाला आहे. ह्यांचा दोस्त. दोघं दुपारी कुलपांवरून तासन्‌तास बोलायचे, मला कधी कळलं नाही कुलपात एवढं काय असतं. आज तो काचेसमोर उभा राहून तो फोटो वाचत होता. मला म्हणाला, "वहिनी, एकटीने?"

"मग?"

"नाही, मी विचारलं. मग दादा काय माझ्या दुकानात राहायचे का?"

असा राग आला मला! म्हटलं, तुम्ही तुमच्या चाव्या घासा. तो गेला. पण माझा हात चालेना. एका पँटीची चेन उलटी बसवली मी. असं माझ्याकडून होत नाही.

मग फोनवर ते बटण दाबलं आणि पोस्ट वाचली. मोडकीतोडकी भाषा होते, पण अर्थ कळतो. लिहिलंय, माझी आई एकटी. माझ्या पहिल्या कॉम्प्युटरसाठी तिने मोटरची मशीन विकली. उरलेल्या हातमशीनवर तिने घर चालवलं आणि मला शिकवलं, की चूक झाली तर कापड फाडायचं नसतं, उसवायचं असतं. कोडमधल्या चुका मी तशाच काढते.

उसवायचं ते माझं. खरं आहे, मी म्हणायचे. बाकी मशीन मी कधी विकली? समोर आहे, मोटरची, आत्ता तिच्यावरच हात ठेवून वाचत होते.

आणि हे कुठेच नाहीत. पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचलं. गेले असंही लिहिलेलं नाही. जायला आधी असावं लागतं ना माणसाने.

कॉम्प्युटर ह्यांनी आणला. कित्येक रविवार जादा काम घेतलं, लोकांच्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरून. मी तेव्हा डोकं फोडलं होतं, पत्र्याच्या खोक्यापायी रविवार घालवता म्हणून. मग संध्याकाळी दोघं मागच्या खोलीत बसायचे, पोरगी मांडीवर. मी इकडे दुकानात. हे हाक मारायचे, "अगं, बघायला तरी ये." गिऱ्हाईक टाकून कोण जाणार?

पोरगी ऑफिसजवळ खोली घेऊन राहते. तिचा फोन लागला नाही. मीटिंगमध्ये असेल.

१८ एप्रिल, गुरुवार

रात्रभर विचार केला नाही, झोपले. पण सकाळी उठल्या उठल्या मला कळलं काय करायचं. शिवणीत एक तुकडा राहिला तर नंतर जोडता येतो. पोस्टखाली लोक लिहितात तिथे मी पण लिहायचं. फोनमध्ये बोललं की अक्षरं उमटतात, त्याने सोपं झालं. मी बोलले:

"मी हिची आई. वर लिहिलंय ते अर्धं आहे. मशीन विकली नाही, दुकानात चालू आहे, कुणीही येऊन बघा. कॉम्प्युटर हिच्या बाबांनी आणला आणि शिकवलंही त्यांनीच. त्यांचा फोटो खाली दिलाय. पँट, कोट, चेन, सगळं एका दिवसात दुरुस्त करून मिळेल. दुकान बाजाराच्या मागे, चावीवाल्याच्या शेजारी."

फोटो एकच सापडला, चावीवाल्याने काढलेला. कॉम्प्युटरसमोर हे आणि मांडीवर पोरगी. फार चांगला नाही आला. पडदा नुसता पांढरा दिसतो आणि ह्यांचं तोंड उघडं आलंय. पण चालतो.

आता गोष्ट पूर्ण झाली. पोरीला आनंद होईल, तिला वेळ नव्हता म्हणून राहिलं असणार.

१९ एप्रिल, शुक्रवार

माझ्या लिहिण्याला पोरीच्या बरोबरीने अंगठे पडतायत! भोंग्याने तर ते स्वतःच्या पानावर लावलंय. वर त्याने काहीतरी लिहिलंय आणि हसून डोळ्यांतून पाणी आलेली तोंडं काढलीयत. बटण दाबून बघितलं: "आता मशीन खरी, बाबा खरे, की लेखिका खरी?" कळलं नाही मला. पण मनाचा मोठा निघाला म्हणायचा, माझं दुकान त्याच्यामुळे किती लोकांना कळलं.

पोरगी फोन उचलत नाही.

२३ एप्रिल, मंगळवार

पोरगी दुपारी दुकानात आली. मी मशीनवर होते. तिने मोटरचं बटणच बंद केलं.

"मोठ्या कंपनीने नाही म्हटलं," ती म्हणाली. "सध्या थांबू या म्हणे. म्हणजे नाही."

"का?"

"का? लोक म्हणतायत मी बापाला पुसून टाकलं, अंगठ्यांसाठी. दवाखान्याचं काम तरी हिनेच केलं कशावरून, असंही विचारतायत. इथला राजीनामा मागे घेऊ देत नाहीत. माझी खुर्ची दिलीसुद्धा."

मी भांडले. मला तेवढंच येतं. म्हटलं, "पण तू त्यांना गाळलंसच कसं? मी चूक जोडली, मी काय वाईट केलं?"

"मशीन विकल्याचं मी लिहिलं, ते खोटं. ती माझी चूक, ब्लेझरवालीचीही नाही. पण एकटीने हे मी नाही शोधून काढलं, आई. मी ह्या टेबलाखाली बसून अभ्यास करायचे. वर तू गिऱ्हाइकांना सांगायचीस, एकटीने वाढवतेय. बाबा मागे भात लावत असायचे. त्यांना ऐकू जायचं."

"दुकानात बोलायचं वेगळं असतं. असं बोललं की लोक घासाघीस करत नाहीत. त्यांना माहीत होतं."

"हो, ते हसायचे."

"मग!"

"अर्धी पँट कुणाची युक्ती, आई?"

मी म्हटलं, "आता पँटीचं काय मध्येच?"

ती दारापर्यंत गेली. वळून म्हणाली, अगदी हळू, ओरडली असती तर बरं झालं असतं, "भोंगा मला ऑफिसात भेटला तेव्हा नवीन नाही वाटला."

मी मोटर परत चालू केली. एक बाई पँट न्यायला आली, म्हणाली, "मावशी, काय झालं?" माझ्या तोंडातून निघणारच होतं, "एकटीला सगळं बघावं लागतं." ओठावर आलं आणि तिथेच अडकलं. पहिल्यांदाच ऐकलं मी ते.

२७ एप्रिल, शनिवार

पोरीच्या खोलीवर गेले. डबा घेऊन. दार उघडलं नाही. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला, म्हणजे होती. डबा कडीला अडकवला. "वरण जरा खारट झालंय," एवढंच म्हटलं दाराला. खरं तर झालं नव्हतं. काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून म्हटलं.

साइटवर तिचं पान दिसत नाही. सगळंच काढून टाकलंय. त्या पांढऱ्या दाढीवाल्याचे प्रश्न आणि हिची उत्तरंही गेली. ते तरी ठेवायचं. त्या दिवशी हसली होती ती.

ब्लेझरवालीचा निरोप आला की हाही एक अनुभव म्हणून लिहिता येईल, पडले आणि उठले असं, लोकांना पडलेली माणसं फार आवडतात. तिला कळवलं, तुझा कोट तयार आहे, ये आणि घेऊन जा, आणि पुढचे दुसरीकडे टाक.

३० एप्रिल, मंगळवार

काचेतला मोठा फोटो काढला. मागे चिकटपट्टीचे डाग राहिले. अर्धी पँट परत मध्ये आणली. चावीवाला बघत होता. त्याने ओला फडका आणून दिला.

मी त्याला विचारलं, "तो कॉम्प्युटरचा फोटो तुम्ही काढलात तेव्हा ह्यांचं तोंड उघडं का आलं? जरा थांबून काढायचा ना."

"थांबलोच होतो की, वहिनी," तो म्हणाला. "दादाच थांबेनात. तुम्हाला हाका मारत होते. पोरीने काहीतरी केलं होतं त्यावर, पहिल्यांदा. म्हणत होते ही आली की तिघांचा काढ."

"मग?"

"तुम्ही म्हणालात, कोट संपवून येते. मग मी दोघांचाच काढला."

मला तो कोट आठवत नाही. कुणाचा होता, कसला होता, काहीच नाही.

२ मे, गुरुवार

हे पान तुझ्यासाठी. फोटो काढून फोनवर पाठवणार आहे. अक्षर असंच आहे, बटण दाबून सुधारणार नाही.

मी माफी मागायला लिहीत नाही, मला ते जमत नाही आणि तुला माझं खोटं लगेच कळतं. तुझी नोकरी मला परत आणून देता येत नाही. राजीनामा दे म्हणून मीच मागे लागले होते. तू सांगत होतीस कागद आला नाही. काम बोलतं म्हणालीस तेव्हाही मी ऐकलं नाही. त्या म्हाताऱ्याशी ते बोलत होतं, मीच मध्ये बोलले.

रंगारी सोमवारी येणार आहे. दुकानाची पाटी नवी करतेय आणि काचेवरही दोन ओळी लिहून घेणार आहे, अर्ध्या पँटीच्या खाली. पहिली ओळ ठरली आहे: ही युक्ती ह्यांची. दुसरी ओळ अडली आहे. ती तुझ्यावाचून होत नाही.

फोटो माझ्यासमोर ठेवलाय. इतकी वर्षं मला वाटायचं बिघडलेला फोटो आहे. आता चष्मा लावून बघितला. तू पडद्याकडे बघतेस. हे दाराकडे बघतात, तोंड उघडं, एक हात असा वर, ये म्हणताना असतो तसा. दाराच्या बाहेर मी. आणि पडदा नुसता पांढरा. भिंगाने बघितलं, उन्हात धरून बघितलं, काहीच दिसत नाही. चावीवाल्याला आठवत नाही, म्हणतो मला त्यातलं काय कळतं. तुझ्या बाबांना विचारायची सोय नाही.

तेव्हा तूच राहिलीस. तू बनवलेलं पहिलं काय होतं ते? अक्षर होतं, चित्र होतं, काही हलत होतं? त्यात माझं काही होतं का, म्हणून हे एवढे हाका मारत होते? मला खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून काही लावू नकोस. आपण दोघींनी ते पुष्कळ केलं.

रविवारी सकाळी दुकान उघडायच्या आत मला उत्तर पाहिजे. फोनवर अंगठा पाठवलास तर मी तो धरणार नाही. ये, मागच्या खोलीत बस आणि तोंडाने सांग. गिऱ्हाईक आलं तरी मी उठणार नाही.